ब्रीदर नळी

ब्रीदर नळी ही अंतर्ज्वलन इंजिनाच्या क्रँककेसमध्ये साठणारे वायू हवा घेण्याच्या मार्गात परत नेणारी, किंवा त्या मार्गातील ताजी हवा क्रँककेसमध्ये आणणारी नळी होय. ती सामान्यतः तेलरोधक रबराची किंवा कडक प्लॅस्टिकची असते. गॅरेजच्या बोलीत तिला 'ब्रीदर पाइप' म्हणतात. इंजिनाच्या किमतीच्या तुलनेत हा भाग अतिशय स्वस्त असला, तरी तो सैल झाल्यास, निसटल्यास किंवा चिरल्यास इंजिनाची गती अस्थिर होणे, 'मिसिंग', पिकअप न मिळणे, तेलाचा वास आणि चेक इंजिनचा दिवा लागणे अशी लक्षणे दिसतात. हीच लक्षणे झिजलेल्या पिस्टन रिंग, नादुरुस्त संवेदक किंवा इंधनपंपाचा बिघाड यांतही आढळतात. त्यामुळे खर्चिक दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी ब्रीदर नळीची तपासणी करणे दोषशोधनाच्या दृष्टीने आवश्यक ठरते. उच्च गतीने चालणाऱ्या व दाटीवाटीने बसवलेल्या इंजिनामुळे स्पोर्ट्स कारमध्ये या तपासणीला विशेष महत्त्व आहे.

क्रँककेसमधील वायू

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधनाचे ज्वलन झाल्यावर निर्माण होणाऱ्या दाबाने दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली ढकलला जातो. पिस्टनभोवतीच्या रिंग हा दाब अडवतात. परंतु नवीन इंजिनातही त्या तो पूर्णपणे अडवू शकत नाहीत. थोडा वायू रिंगांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. या गळतीला 'ब्लो-बाय' म्हणतात. भारतीय गॅरेजमध्ये 'बॅक कॉम्प्रेशन' हा शब्द रूढ आहे.

या वायूत न जळलेले इंधन, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. क्रँककेसमध्ये उडणाऱ्या तेलाचे सूक्ष्म थेंब त्यांत मिसळतात. हे मिश्रण आत कोंडून राहिल्यास दोन प्रकारची हानी होते. एक, दाब वाढून क्रँकशाफ्टचे ऑइल सील, टॅपेट कव्हरचे गॅस्केट आणि तेल मोजण्याची पट्टी यांच्या जागेतून तेल बाहेर येऊ लागते. दोन, पाणी व आम्लधर्मी घटक तेलात मिसळून तेल लवकर खराब होते आणि काळा, चिकट गाळ साठतो. त्यामुळे क्रँककेसला 'श्वास' घेऊ देणे आवश्यक असते. ब्रीदर हे नावही त्यावरूनच पडले आहे.

इतिहास

सुरुवातीच्या मोटारींत क्रँककेसमधील वायू एका उघड्या नळीने थेट रस्त्याकडे सोडले जात. नळीचे टोक गाडीच्या खाली असे आणि गाडी धावताना वाऱ्याच्या ओघाने तेथे निर्माण होणाऱ्या कमी दाबामुळे वायू बाहेर खेचले जात. गाडी उभी असताना ही व्यवस्था जवळपास निरुपयोगी ठरे. शिवाय रस्त्यावर तेलाचे डाग पडत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाण्यातून जाऊ शकणाऱ्या लष्करी वाहनांसाठी क्रँककेस बंदिस्त ठेवून त्यातील वायू इनटेकमध्ये नेण्याची पद्धत वापरली गेली.

१९५० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की, मोटारींतून बाहेर पडणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन लॉस एंजेलिसचे धुरके तयार होते. कोणतेही नियंत्रण नसलेल्या त्या काळातील मोटारीच्या एकूण हायड्रोकार्बनांपैकी सुमारे एक पंचमांश भाग सायलेन्सरमधून नव्हे, तर क्रँककेसमधून बाहेर पडत असे. त्यामुळे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस प्रथम कॅलिफोर्नियात आणि नंतर संपूर्ण अमेरिकेत बंदिस्त क्रँककेस वायुवीजन स्वीकारले गेले. मोटारींवर बसवलेल्या प्रदूषण नियंत्रण साधनांपैकी हे पहिले मानले जाते.

रचना व कार्य

नैसर्गिक हवा घेणाऱ्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, पेट्रोल इंजिनात सामान्यतः दोन नळ्या असतात. पहिली नळी एअर फिल्टरच्या पुढील हवानलिकेपासून टॅपेट कव्हरपर्यंत जाते आणि गाळलेली ताजी हवा आत आणते. हीच ताज्या हवेची ब्रीदर नळी होय. दुसरी नळी क्रँककेस किंवा टॅपेट कव्हरपासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंत जाते. तिच्या मार्गात पीसीव्ही झडप असते. मंद गतीला मॅनिफोल्डमधील निर्वात तीव्र असतो. त्या वेळी झडप मार्ग अरुंद ठेवते. गती वाढल्यावर निर्वात कमी होतो, स्प्रिंगमुळे झडप अधिक उघडते आणि जास्त वायू वाहून नेला जातो. मॅनिफोल्डमध्ये उलटा भडका झाल्यास झडप पूर्ण बंद होते, त्यामुळे ज्वाला क्रँककेसपर्यंत पोहोचत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना मॅनिफोल्डमधील निर्वात जवळजवळ नाहीसा होतो. अशा वेळी जास्तीचे वायू पहिल्या नळीतून उलट्या दिशेने हवानलिकेत जातात.

टर्बो इंजिनात मॅनिफोल्डमध्येच दाब निर्माण होत असल्याने तो क्रँककेसमध्ये शिरू नये म्हणून एकदिशा झडप बसवलेली असते. दाबाच्या स्थितीत ती बंद होते आणि वायू ब्रीदर नळीने टर्बोच्या तोंडाशी, जेथे हवा खेचली जाते तेथे, नेले जातात. अनेक इंजिनांत मार्गात तेल विभाजक असतो. तो तेलाचे थेंब वेगळे करून तळाच्या ऑइल चेंबरमध्ये परत सोडतो.

नळी सैल होण्याची कारणे

* वय व उष्णता: सतत उष्णता व तेलाची वाफ लागून रबर प्रथम मऊ पडून फुगते किंवा कालांतराने कडक होऊन चिरते. कडक झालेली नळी टोकाशी घट्ट पकड घेत नाही.
* क्लिपचा दोष: स्प्रिंगची क्लिप ढिली पडणे, स्क्रूची क्लिप गंजणे किंवा ती नळीच्या उंचवट्याच्या चुकीच्या बाजूस बसवलेली असणे.
* अपुरी जोडणी: एअर फिल्टर, स्पार्क प्लग किंवा टॅपेट कव्हरचे काम करताना नळी काढली जाते आणि परत बसवताना ती पूर्ण आत जात नाही. नुकत्याच झालेल्या सर्व्हिसिंगनंतर लक्षणे सुरू झाली असतील, तर ही शक्यता प्रथम विचारात घ्यावी.
* अयोग्य रबर: रेडिएटरसाठी वापरले जाणारे ईपीडीएम रबर पाण्यात टिकते, पण खनिज तेलाने फुगते. तात्पुरती म्हणून बसवलेली पाण्याची नळी त्यामुळे काही महिन्यांतच सैल होते.
* क्रँककेसमधील अतिरिक्त दाब: तेल विभाजक किंवा पीसीव्ही झडप तुंबणे, एकदिशा झडप निकामी होणे किंवा रिंग झिजणे यांमुळे दाब वाढून नळी ढकलली जाते.

यांतील शेवटचे कारण इतरांहून वेगळे आहे. एकदा निसटलेली नळी बहुधा क्लिपचा दोष दाखवते. नीट बसवूनही पुन्हा पुन्हा निसटणारी नळी आतील दाबाची सूचना देते. अशा वेळी केवळ क्लिप अधिक आवळल्यास दाब दुसरी वाट शोधतो आणि ऑइल सील फुटून दुरुस्तीचा खर्च वाढतो.

लक्षणे

नळी कोणत्या टोकाशी सैल झाली आहे आणि इंजिन हवेचे मोजमाप कसे करते, यांवर लक्षणे अवलंबून असतात. ज्या इंजिनात आत येणारी हवा प्रवाह संवेदकाने मोजली जाते, त्यात संवेदकाच्या पुढे उघडे पडलेले तोंड न मोजलेली हवा आत घेते. संगणक मोजलेल्या हवेच्या हिशेबानेच इंधन देतो; परिणामी मिश्रण पातळ होते. उभ्या गाडीत इंजिनाची गती वरखाली होते, सुरुवातीस गाडी मिसिंग करते आणि पातळ मिश्रणाचा संकेतांक पी०१७१, तर दोन ओळींच्या इंजिनात पी०१७४ही, नोंदवला जातो. मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचा अंदाज घेणाऱ्या इंजिनात मॅनिफोल्डकडील नळी सुटल्यास मिश्रण फारसे न बिघडता मंद गतीच वाढलेली दिसते. पी०५०७ हा संकेतांक अशा वाढलेल्या गतीचा आहे.

याशिवाय पुढील लक्षणे आढळतात :

* बॉनेटखालून शिट्टीसारखा किंवा फुसफुसण्याचा आवाज येणे;
* गाडी थांबल्यावर जळक्या तेलाचा वास येणे, विशेषतः वातानुकूलन यंत्रणेतून तो आत येणे;
* नळीच्या जोडाभोवती तेलकट धूळ साठणे;
* टर्बो गाडीत अपेक्षित जोर न मिळणे.

सर्वांत गंभीर परिणाम मात्र लगेच जाणवत नाही. उघड्या तोंडातून जाणारी हवा एअर फिल्टरमधून गाळली जात नाही. तिच्यातील बारीक धूळ टर्बोची पाती, सिलिंडरच्या भिंती आणि रिंग झिजवते. रिंग झिजल्या की बॅक कॉम्प्रेशन वाढते. अशा रीतीने दुर्लक्षित सैल नळी कालांतराने खरोखरीच 'इंजिनकाम' ओढवून घेते.

दोषशोधन

तपासणी इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून व हँडब्रेक लावून सुरू करावी. रेडिएटरचा विद्युत पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. म्हणून सैल बाही, ओढणी किंवा पदर दूर ठेवावा. इंजिन चालू ठेवून करावयाची तपासणी मोकळ्या जागेत करावी, कारण बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठून जिवावर बेतू शकते.

१. पाहणी : एअर फिल्टरपासून सुरुवात करून प्रत्येक नळी दोन्ही टोकांपर्यंत पाहावी. नळीची खालची बाजू व वळणाची आतली बाजू डोळ्यांना दिसत नाही. तेथे बोट फिरवून चीर तपासावी. लहान आरसा व विजेरी उपयोगी पडते.

२. हाताने तपासणी : नळी हलकेच फिरवून पाहावी. क्लिप असूनही ती सहज फिरत असेल, तर जोड सैल आहे. प्लॅस्टिकच्या टोकावर जोर देऊ नये. जुने प्लॅस्टिक तुटून तुकडा आत पडू शकतो.

३. तेलाच्या झाकणाची चाचणी : इंजिन मंद गतीला चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण सावकाश काढावे. बंदिस्त यंत्रणा ठीक असल्यास बहुतेक इंजिनांची गती लगेच बदलते. काहीच फरक न पडल्यास हवा आधीच दुसरीकडून शिरत असण्याची शक्यता असते. तोंडावर पातळ प्लॅस्टिकचा कागद धरल्यास तो किंचित आत ओढला जावा. तो बाहेर उडत असेल, तर क्रँककेसमध्ये दाब आहे. फार जोराने ओढला जात असेल, तर दाब नियंत्रित करणारा पडदा फाटलेला असू शकतो.

४. इंधन दुरुस्तीचे आकडे : ओबीडी स्कॅनरवर इंधन दुरुस्तीची टक्केवारी पाहावी. मंद गतीला ती बरीच धन असून सुमारे २,५०० फेऱ्यांना शून्याकडे येत असेल, तर हवेच्या गळतीचा संशय बळावतो. गती वाढल्यावर टक्केवारीही वाढत असेल, तर इंधनपुरवठा किंवा प्रवाह संवेदक तपासावा.

५. धूर चाचणी : हवामार्गात कमी दाबाने कृत्रिम धूर सोडल्यास तो चिरेतून बाहेर येताना दिसतो. ही सर्वांत खात्रीची पद्धत आहे. चालू इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून गती बदलते का हे पाहण्याची रीत प्रचलित असली, तरी गरम एक्झॉस्टजवळ ती आगीला निमंत्रण देते.

समान लक्षणे असलेले बिघाड

सैल नळीमुळे होणारा त्रास आणि झिजलेल्या रिंगांचा त्रास यांत फरक करण्यासाठी कॉम्प्रेशन चाचणी आणि गळती चाचणी घेतात. तेलाच्या झाकणातून थोडी वाफ येणे हे एकटे लक्षण इंजिन बोअर करण्यास पुरेसे कारण नाही. तुंबलेल्या पीसीव्ही झडपेमुळेही तसे होते. झाकणाच्या आतील ताकासारखा पांढुरका फेस केवळ छोट्या अंतराच्या फेऱ्यांमुळे साठलेल्या पाण्याचाही असू शकतो. मात्र रेडिएटरमधील पाणी सतत कमी होत असल्यास हेड गॅस्केटची तपासणी करावी. पातळ मिश्रणाचा संकेतांक आल्यावर थेट ऑक्सिजन संवेदक बदलणे ही सामान्य चूक आहे. बहुतेक वेळा संवेदक योग्य माहिती देत असतो. हवा कोठून शिरते हे शोधणे बाकी असते.

दुरुस्ती

नळी निव्वळ निसटली असेल, तर दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे करावेत, नळी टोकावरील उंचवट्याच्या पलीकडे पूर्ण बसवावी आणि क्लिप उंचवट्याच्या मागे लावावी. प्लॅस्टिकच्या टोकावर स्प्रिंगची क्लिप अधिक योग्य असते. तापमानाप्रमाणे ती आपोआप जुळवून घेते. स्क्रूची क्लिप अति आवळल्यास टोकास तडा जातो.

चिरलेली नळी बदलणे हाच उपाय आहे. चिकटपट्टी किंवा सीलंट तेलाच्या वाफेने सुटते आणि त्याचा तुकडा हवामार्गात जाऊ शकतो. नवीन नळी तेलरोधक, म्हणजे नायट्राइल किंवा फ्लुरोकार्बन रबराची असावी. आकर्षक रंगांत मिळणारी साधी सिलिकॉन नळी उष्णता सहन करते, परंतु तिच्यातून तेल पाझरते. आतून फ्लुरोसिलिकॉनचा थर असलेली नळीच येथे चालते. नळी निर्वाताने चपटी होणार नाही इतकी जाड हवी. काम झाल्यावर संकेतांक पुसून गाडी काही अंतर चालवावी व इंधन दुरुस्तीचे आकडे पुन्हा पाहावेत. निसटलेली नळी बोळा घालून बंद करणे किंवा उघडी सोडणे टाळावे. पहिल्याने दाब कोंडतो आणि दुसऱ्याने धूळ आत जाते.

स्पोर्ट्स कारमधील विशेष बाबी

स्पोर्ट्स कारचे इंजिन दीर्घकाळ उच्च फेऱ्यांवर चालते, त्यामुळे ब्लो-बायचे प्रमाण वाढते. तीव्र वळणावर ऑइल चेंबरमधील तेल एका बाजूस चढते आणि ब्रीदरच्या तोंडातून नळीत शिरू शकते. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन आसनांच्या मागे असते. मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांच्या डी. सी. डिझाइन संस्थेने २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये मांडलेली अवंती ही दोन आसनी मोटार याच रचनेची होती. अशा रचनेत नळ्या आवरणाखाली झाकल्या जातात, गाडी धावताना समोरून मिळणारा वारा त्यांना कमी लागतो आणि सहज नजर टाकून सैल जोड लक्षात येत नाही.

तेलाची वाफ तप्त एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा टर्बोच्या कवचावर पडल्यास धूर येतो आणि प्रसंगी आग लागू शकते. धावताना मागील भागातून धूर व तेलाचा वास आल्यास गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवून इंजिन बंद करावे. ज्वाळेची शंका असल्यास बॉनेट एकदम पूर्ण उघडू नये, कारण हवा मिळून आग भडकते. शर्यतीच्या मोटारींत बाहेर पडणारे तेल ट्रॅकवर सांडू नये म्हणून ब्रीदर नळी तेल साठवणाऱ्या टाकीत सोडतात. मात्र अशी टाकी वातावरणात उघडी ठेवणे रस्त्यावरील वाहनात नियमबाह्य ठरते.

सोलापूर परिसरातील परिस्थिती

सोलापूर हे पुणे–हैदराबाद मार्गावरील राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि विजयपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ यांच्या संगमावर वसलेले आहे. येथील हवामान कोरडे असून उन्हाळ्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तापमान दर १० अंशांनी वाढल्यास रबर जीर्ण होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. महामार्गावर तासन्‌तास चालून शहरात सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या बॉनेटखालील उष्णता वाऱ्याअभावी आणखी वाढते. पाऊस कमी असल्याने वर्षातील बराच काळ हवेत धूळ असते. उष्णतेने जोड सैल होणे आणि त्या जोडातून धूळ शिरणे, हे दोन्ही येथे एकत्र येतात. त्यामुळे उन्हाळ्याच्या आरंभी एअर फिल्टर बदलताना ब्रीदर नळीही तपासणे हितावह ठरते.

मोटार उद्योगाशी या शहराचा संबंध जुना आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स या भारतातील आरंभीच्या मोटार कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूर येथे झाला. १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापुरात कॅमशाफ्ट तयार करून देशी व परदेशी मोटार उत्पादकांना पुरवते. आधुनिक इंजिनात कॅमशाफ्ट बहुधा त्याच टॅपेट कव्हरखाली असतो, ज्याला ब्रीदर नळी जोडलेली असते. क्रँककेसचे वायुवीजन बिघडून तेलात गाळ साठल्यास सूक्ष्म वंगणावर चालणाऱ्या या भागासही झीज पोहोचते.

प्रदूषण नियम

भारत स्टेज मानकांनुसार पेट्रोल मोटारीच्या मान्यता चाचण्यांत क्रँककेसमधून वायू वातावरणात जात नाही, याची स्वतंत्र चाचणी समाविष्ट आहे. भारत स्टेज ६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था वाहनांच्या अशा मान्यता चाचण्या घेते. वापरातील वाहनाची पीयूसी तपासणी मात्र सायलेन्सरच्या तोंडाशी होते. निसटलेल्या ब्रीदर नळीतून बॉनेटखाली सुटणारे वायू तिच्या कक्षेत येत नाहीत. वैध पीयूसी प्रमाणपत्र असलेले वाहनही त्यामुळे प्रदूषण करीत असू शकते, आणि हा दोष शोधण्याची जबाबदारी वाहनधारक व मेकॅनिक यांच्यावरच राहते.

हेही पहा

* अंतर्ज्वलन इंजिन
* क्रँकशाफ्ट
* कॅमशाफ्ट
* टर्बोचार्जर
* भारत स्टेज उत्सर्जन मानके
* वालचंद हिराचंद